आहे ना, बोला!

आमच्या सासऱ्यांना कुणी काही विचारावं आणि त्यांनी उत्तर देऊ नये, असं होत नाही. रस्त्यात एखादा माणूस स्वतःशीच "कुठं बरं ठेवली मी छत्री?" असं पुटपुटला, तरी मामंजी थांबतात आणि म्हणतात, "शेवटची उघडली कुठं होती, ते आठवा." चुकीचा नंबर लागून फोन आला तर आधी पलीकडच्याला कोण हवंय ते नीट विचारून घेतात आणि जमलं तर बरोबर नंबरही शोधून देतात. सासूबाई म्हणतात, "माझ्या वडिलांनी ह्यांना सहज विचारलं होतं, लग्नाचं काय ठरवलंय म्हणून. ह्यांनी उत्तर देऊन टाकलं. झालं, मी अडकले."

मामंजी घड्याळं दुरुस्त करतात. चौकाच्या कोपऱ्यावर, औषधाच्या दुकानाला चिकटून एका जिन्याखाली त्यांचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक टेबल, टेबलावर वाकलेला एक दिवा, गिऱ्हाइकासाठी एक स्टूल आणि तीन भिंतींवर घड्याळंच घड्याळं. त्यातल्या कुठल्याही दोघांचं एकमेकांशी पटत नाही. नवखं गिऱ्हाईक हमखास विचारतं, "यातलं बरोबर कुठलं?" त्यावर मामंजींचं ठरलेलं उत्तर असतं, "ही सगळी आजारी मंडळी आहेत. बरी झालेली आपापल्या घरी गेली."

त्यांच्याविषयी लिहायचं तर आमच्या नाटकाविषयी आधी सांगायला हवं.

आमच्या भागातलं हौशी मंडळ दरवर्षी एक नाटक करतं. दरवर्षी म्हणजे न चुकता दरवर्षी, आणि एक नाटक म्हणजे तेच ते एक नाटक: 'चंद्रावरची लॉन्ड्री'. सव्वीस वर्षं झाली. भूगोलाच्या एका मास्तरांनी ते लिहिलं. गोष्ट अशी की, पृथ्वीवरचे मळके कपडे रॉकेटनं चंद्रावर जातात, कारण तिथं पाऊस नाही, वाळत घातलेलं भिजत नाही. लॉन्ड्रीवाली एकटीच ते धुते. एक दिवस हरवलेला मोजा शोधत एक कप्तान तिथं येऊन पोचतो. मग प्रेम, मग चंद्राचा स्वच्छता निरीक्षक, मग ताटातूट, आणि शेवटी मोजा सापडतो. गाणी सतरा आहेत. त्यातली चार बरी आहेत. कप्तानाचं चंद्रावर येण्याचं कारण पहिल्या अंकात एक आहे आणि तिसऱ्यात दुसरंच आहे, आणि ते कुणी दुरुस्तही केलेलं नाही. एकदा एका नव्या दिग्दर्शकानं तसा प्रयत्न केला तेव्हा प्रेक्षकांनी जुनी वाक्यं खालून ओरडून म्हटली.

कारण हे नाटक बघायला कुणी येतच नाही. लोक आपापलं काम करायला येतात. कपडे वाळत घालायच्या गाण्याला प्रत्येकानं घरून आणलेले लाकडी चिमटे तालात वाजवायचे. खळबळून पिळायच्या गाण्याला उभं राहून शेजाऱ्याचा हात धरून पीळ घालायचा. आणि कप्तानानं 'माझा एक मोजा' हे गाणं सुरू केलं की घरातला जोडी नसलेला मोजा स्टेजवर फेकायचा. नाटक संपलं की त्या ढिगातून कुठलाही एक उचलून घरी न्यायचा. सव्वीस वर्षांत आमच्या घरातले मोजे असे काही फिरलेत, की माझ्या नवऱ्याचे दोन्ही पाय एकसारखे दिसले तर मी विचारते, "आज कुठं मुलाखत आहे का?"

या सगळ्याची सुरुवात मामंजींपासून झाली. हे मी सून म्हणून फुशारकीनं सांगत नाहीये, मंडळातली जुनी माणसंही तसंच सांगतात.

पहिल्या वर्षी नाट्यगृहातलं भिंतीवरचं मोठं घड्याळ मामंजींनी चालू करून दिलं होतं, म्हणून मंडळानं त्यांना दोन पास दिले. नाटक साफ पडत होतं. लोक दर गाण्याला चार-सहा करून उठून जात होते. स्वतः लेखक अर्ध्या तासात घरी गेले. पहिला अंक संपत आला तेव्हा दोनशे खुर्च्यांच्या सभागृहात जेमतेम तीस माणसं उरली होती. त्या प्रवेशात निरीक्षकानं कप्तानाला पकडून नेलेलं असतं, पृथ्वीवरून येणारं रॉकेट बंद झालेलं असतं, आणि लॉन्ड्रीवाली रिकाम्या टपांमध्ये एकटी उभी असते. ती पृथ्वीकडे, म्हणजे आपल्याकडे बघून विचारते, "कुणी आहे का तिकडे?"

पुस्तकात पुढं लिहिलंय, 'शांतता. पडदा.'

पण त्या दिवशी समोर खरोखरच फारसं कुणी नव्हतं. बिचारीनं ते वाक्य रिकाम्या खुर्च्यांकडे बघत म्हटलं आणि तिचा आवाज खराच कापला. तेव्हा दुसऱ्या रांगेतून मामंजी उठून उभे राहिले आणि गिऱ्हाइकाशी बोलावं तसं म्हणाले, "आहे ना, बोला!"

"विनोद म्हणून नाही हो," ते आजही सांगतात. "मुलगी एवढी कळवळून विचारतेय आणि आपण गप्प बसायचं? बरं दिसतं का ते?"

तीस माणसं हसली, टाळ्या पडल्या. ती मुलगी रडता रडता हसली आणि पडदा पडायच्या आत तिनं पुन्हा विचारलं, "कुणी आहे का तिकडे?" या वेळी तीसच्या तीस जण ओरडले, "आहे ना, बोला!" दुसऱ्या दिवशीच्या खेळाला त्या तीस जणांनी आपापली माणसं आणली. पुढचं सगळं, चिमटे काय, मोजे काय, त्यातून आलं.

तेव्हापासून रीत पडली. पहिल्यांदा लॉन्ड्रीवाली विचारते तेव्हा सगळं सभागृह श्वास रोखून गप्प. उत्तर एकट्या मामंजींचं. मग ती पुन्हा विचारते, तेव्हा सगळ्यांचं. लॉन्ड्रीवाल्या सहा बदलल्या, निरीक्षक चार झाले, उत्तर देणारा मात्र तोच.

त्या उत्तरावर डोळा ठेवून असलेला एकच माणूस म्हणजे आमच्या गल्लीतले निवृत्त पोस्टमास्तर. त्यांचा आवाज भरदार. बसतात मामंजींच्याच रांगेत, दोन खुर्च्या सोडून. एका वर्षी मामंजींना सर्दी झाली तर हे गृहस्थ नाटकाच्या आदल्या दिवशी तब्येतीची चौकशी करायला घरी हजर. सासूबाईंनी त्यांना दारातूनच सांगितलं, "घसा उत्तम आहे. चहा घेणार असाल तर या, नाहीतर राहू दे."

दोन वर्षांपूर्वीचा खेळ झाला आणि त्यानंतर काही महिन्यांत मला एकेक गोष्ट खटकायला लागली.

पहिलं म्हणजे दुकानातलं स्टूल. ते कायम टेबलाच्या डाव्या बाजूला असायचं. एक दिवस डबा द्यायला गेले तर ते बरोबर समोर आलेलं, आणि दिवा असा वळवलेला की उजेड घड्याळापेक्षा गिऱ्हाइकाच्या तोंडावर जास्त. मग टेबलावर कागदाचे तुकडे आले. गिऱ्हाइकानं तक्रार सांगायला तोंड उघडलं की मामंजी पेन पुढं करायचे. "लिहून द्या, म्हणजे विसरायला नको." तीस वर्षांपूर्वी दुरुस्तीला आलेल्या घड्याळाचा पट्टा कुठल्या रंगाचा होता हे सांगणारा माणूस! आणि एकदा मी जिन्यापाशी उभी असताना पाहिलं, त्यांनी दुरुस्त केलेलं घड्याळ उचललं, कानाशी नेलं, थांबले, आणि मग इकडंतिकडं बघून ते हळूच दातांत धरलं. डोळे मिटले. थोड्या वेळानं मान हलवली आणि घड्याळ पुसून ठेवलं. टिकटिक दातांतून, हाडांतून जाणवते, हे मला तोवर माहीत नव्हतं.

त्या संध्याकाळी मी त्यांच्या पाठीमागं मुद्दाम आमटीचा डाव खाली पाडला. मांजर पळालं, वरच्या मजल्यावरच्या बाईंनी "काय पडलं गं?" म्हणून विचारलं. मामंजी पेपर वाचत होते, पान उलटून पुढं वाचायला लागले.

मी सासूबाईंना म्हटलं, "आई, मामंजींना ऐकू कमी येतंय का हो?"

"कमी?" त्या म्हणाल्या. "चाळीस वर्षांत माझं एकदाही ऐकलेलं नाही त्यांनी."

मी हसले आणि विषय तिथंच राहिला. घराघरांत हा विनोद होत असतो आणि त्याच्या आड खरी गोष्ट आरामात लपून बसते.

शेवटी मीच एकदा दुकानात जाऊन समोरच्या स्टुलावर बसले आणि उजेडात तोंड धरून सावकाश म्हटलं, "मामंजी, एकदा कान दाखवून येऊ या?"

"कानांना काय धाड भरलीय? हल्ली लोकच पुटपुटतात."

"मग घड्याळ दातांत का धरता?"

त्यांनी डोळ्याला लावायचं भिंग काढून पुसलं, पुन्हा पुसलं.

"कुणाला बोललीस?"

"नाही."

"बोलू नकोस. घड्याळवाल्याला टिकटिक ऐकू येत नाही म्हटल्यावर कोण घड्याळ आणेल? हातांना कळतं मला, दातांना कळतं, पण लोकांना ते कसं पटवू?" मग आवाज खाली आणून, म्हणजे त्यांना खाली वाटेल असा, पार औषधाच्या दुकानापर्यंत जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "आणि नाटक पंधरा दिवसांवर आलंय. ते पोस्टमास्तर टपून बसलेत. एकदा का कळलं ना, की ह्याला वाक्यच ऐकू येत नाही, मंडळ हसत हसत माझ्या हातात नारळ देईल. 'काका, आता तुम्ही आराम करा.' मला नकोय आराम."

"पण मामंजी, ती विचारेल ते तुम्हाला कळणार कसं?"

तेव्हा त्यांनी खिशातून एक कागद काढला. चेहरा असा, की जणू जगातलं सगळ्यात अवघड घड्याळ चालू केलंय.

"मी तीन तालमींना जाऊन आलो. नाट्यगृहाचं घड्याळ बघायचंय म्हणून सांगितलं. स्टेजला चिकटून उभं राहिलं की तिचे ओठ दिसतात, आपल्या रांगेतून अंधारात नाही दिसत. पडदा उघडल्यापासून त्या वाक्यापर्यंत किती वेळ लागतो? पहिल्या दिवशी एकेचाळीस मिनिटं वीस सेकंद. दुसऱ्या दिवशी एकेचाळीस पाच. काल एकेचाळीस तीस. म्हणजे एकेचाळीस वीस धरू. मागंपुढं दहा सेकंद. मुली सगळ्या तालमीत पक्क्या असतात गं. पडदा उघडला की मी घड्याळ सुरू करणार, एकेचाळीस विसाला उठणार. कान लागतात कशाला?"

मला ते इतकं पटलं की मी त्यांच्या हुशारीचं कौतुक करून घरी आले. यात एक मोठं भोक होतं, पण ते दोघांनाही दिसलं नाही. त्यांना घड्याळाच्या नादात, आणि मला त्यांच्या.

खेळ रविवारी दुपारी चारला होता. आम्ही सगळे साडेतीनलाच पोचलो, पिशवीत चिमटे आणि मोजे घेऊन. खुर्च्यांशी आल्यावर सासूबाई एकदम म्हणाल्या, "मी ह्यांच्या उजवीकडे बसते. तू डावीकडे बस."

"का?"

"उजवा अजून थोडा चालतो," त्या सहजपणे म्हणाल्या आणि पदरानं खुर्ची झटकली. मग मला आठवलं, गेलं वर्षभर संध्याकाळी फिरायला जाताना त्या कायम त्यांच्या उजव्या हाताला चालत होत्या. आणि मी समजत होते, की घरात एकट्या मलाच कळलंय.

त्या वर्षी लॉन्ड्रीवाली झाली होती ती औषधाच्या दुकानात बसणारी, म्हणजे मामंजींची शेजारीणच. गळा बरा, उंची जास्त. कप्तान होते पोहायला शिकवणारे मास्तर, आणि निरीक्षक म्हणून लिफ्ट दुरुस्त करणारे एक गृहस्थ, ज्यांचा चेहरा मुळातच स्वच्छता निरीक्षकाचा आहे. पोस्टमास्तर दोन खुर्च्या पलीकडे आले, मामंजींना हात केला. मामंजींनीही केला. पडदा बाजूला झाला, तसं मामंजींनी तळहातातल्या घड्याळाचं बटण दाबलं.

पहिलं गाणं झालं. चिमट्यांचा असा कडकडाट झाला की गाणारीला दोन ओळी थांबावं लागलं. मग लोकांनी "पुन्हा! पुन्हा!" केलं आणि गाणं पुन्हा झालं. मीही वाजवत होते. वाजवता वाजवता माझा हात एकदम थांबला.

तालमीला प्रेक्षक नसतात.

तालमीला कुणी हसत नाही, कुणी "पुन्हा" म्हणत नाही. तालमीला कप्तानाच्या अंगावर दोनशे मोजे पडत नाहीत. पंचवीस वर्षं या नाटकात प्रेक्षक म्हणून नांदलेल्या माणसानं नाटकाची वेळ मोजली, आणि प्रेक्षकच धरायचे विसरला!

मी त्यांच्या कानाशी वाकून म्हटलं, "मामंजी, वेळ पुढं गेलीय!"

"हो हो," ते माझा हात थोपटत म्हणाले, "छान गातेय."

डावा कान. मी सासूबाईंकडे बघून खुणा केल्या. त्यांनी चिमटा मागितलाय असं समजून मला एक चिमटा दिला. तेवढ्यात 'माझा एक मोजा' सुरू झालं आणि मोज्यांचा पाऊस पडला. एक ओला मोजा, कुणी ओला आणला देव जाणे, कप्तानाच्या तोंडावर बसला. सभागृह लोळायला लागलं. दीड मिनिट तरी कुणाला काही बोलताच येईना. मी मनात हिशेब करत होते. तीन मिनिटं पुढं, चार, पिळायच्या गाण्याला पाच. अंधारात त्यांच्या तळहातावर तो छोटा काटा मजेत फिरत होता, आणि मामंजींची नजर स्टेजवर नाही, त्याच्यावरच होती. त्याला काय मोज्यांचं!

मग आला तो प्रवेश. निरीक्षक लॉन्ड्री तपासायला येतो. लॉन्ड्रीवाली कप्तानाला टपात लपवून वर चादरी टाकते. पोहण्याचे मास्तर अंगानं रुंद, त्यांचा एक गुडघा चादरीबाहेरच राहिला होता. निरीक्षक टपाटपांतून फिरतो, वास घेतो, थांबतो. सगळ्या नाटकात हा एकच प्रवेश असा आहे की जिथं प्रेक्षक काहीही करत नाहीत. चिमटाही वाजत नाही. निरीक्षक टपाशी आला, वाकला. लॉन्ड्रीवालीनं तोंडावर हात ठेवला.

एकेचाळीस मिनिटं, वीस सेकंद.

मी त्यांची बाही धरली, पण हाती फक्त बाहीच आली. मामंजी ताठ उभे राहिले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "आहे ना, बोला!"

टपातला गुडघा आत गेला. निरीक्षक सावकाश वळला, कमरेवर हात ठेवून मामंजींकडे बघितलं आणि म्हणाला, "आभारी आहे, काका. असे जागरूक नागरिक हवेत!"

त्यानंतर जे हसू फुटलं तसं मी त्या सभागृहात कधी ऐकलं नाही. माझा नवरा खुर्चीतून खाली घसरला. मागं कुणीतरी "फितूर! फितूर!" म्हणून ओरडलं. लॉन्ड्रीवाली पाठ फिरवून हसत होती, टप हलत होता. आणि मामंजी? त्यांना लोकांची तोंडं उघडी दिसली, टाळ्या दिसल्या. दरवर्षी दिसतात तशाच. त्यांनी अदबीनं मान लववली, खाली बसले, घड्याळ बंद करून खिशात ठेवलं आणि माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. 'बघितलंस? दहा सेकंदाचाही फरक नाही.'

मी पण हसले, दुसरं काय करणार. पण खरं वाक्य अजून यायचं होतं.

ते आलं सात मिनिटांनी. कप्तानाला नेलं, रॉकेट बंद पडलं, दिवे निळे झाले. औषधवाली रिकाम्या टपांतून पुढं आली आणि तिनं विचारलं, "कुणी आहे का तिकडे?"

सगळं सभागृह गप्प. पंचवीस वर्षांची सवय, कुणाच्या तोंडून अक्षर निघेना. सगळ्यांच्या माना दुसऱ्या रांगेकडे. मामंजी हातावर हात ठेवून, काम आटोपलेल्या माणसासारखे समाधानानं बसलेले. स्टेजकडे बघत होते, पण वाट कसलीच बघत नव्हते.

दोन खुर्च्या पलीकडे पोस्टमास्तर उठले. मला वाटलं, झालं. त्यांनी छाती भरून घेतली, तोंड उघडलं. मग त्यांनी मामंजींकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. आणि मागच्या रांगेत कुणीतरी खोकलं, त्याच्याकडे वळून त्यांनी तोंडावर बोट ठेवलं, "श्श!" आणि खाली बसले.

त्या माणसाविषयी मी पूर्वी जे जे बोलले असेन, ते सगळं इथं परत घेते.

सासूबाईंनी मामंजींच्या उजव्या कानाशी तोंड नेलं. "अहो," त्या म्हणाल्या, "तुम्हाला विचारतायत."

मामंजींनी वळून पाहिलं. सगळं सभागृह आपल्याकडे बघतंय, हे त्यांच्या लक्षात आलं. स्टेजवर औषधवाली पार कडेपर्यंत आली होती. भिंतीपलीकडं बसते ती, तिला कदाचित आमच्याआधीच कळलं असावं. खाली वाकून, ओठ मोठे करून तिनं फक्त त्यांनाच विचारलं, "कुणी... आहे का... तिकडे?"

त्यांचा हात खिशातल्या घड्याळाकडे गेला आणि अर्ध्यातच थांबला. मघाशी काय झालं असणार, ते त्यांना तेव्हा उमगलं. दोन्ही कानांच्या पाळ्या लाल झाल्या. मला वाटलं, उठून जातील. माझ्या मनात आलं, आपणच ओरडावं, काहीही करावं, त्यांना यातून सोडवावं. पण विचारलं त्यांना होतं. आणि कुणी विचारलं की उत्तर द्यायचं, या एका गोष्टीवर तर त्यांचं सगळं आयुष्य चाललेलं.

ते सावकाश उभे राहिले. खुर्चीची पाठ धरली.

"आहे ना," ते म्हणाले. आवाज नेहमीसारखा खणखणीत नव्हता. "इथंच आहे. जरा ऐकू कमी येतं, एवढंच."

किती वेळ शांतता होती ते मला सांगता येणार नाही. घड्याळ त्यांच्या खिशात होतं, आणि बंद होतं. मग औषधवालीनं दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि लॉन्ड्रीवालीच्याच ठसक्यात म्हणाली, "मग आधी नाही का सांगायचं! मोठ्यानं विचारते!" आणि जेवढा गळा होता तेवढा सगळा लावून ओरडली, "कुणी आहे का तिकडे?"

"आहे ना, बोला!" दोनशे माणसं उठून ओरडली. पोस्टमास्तर सगळ्यांत मोठ्यानं. चिमटे वाजले, राहिलेले मोजे उडाले. वरून धूळ पडली. मामंजी म्हणतात, तेवढं मात्र त्यांना आलं ऐकू. कानांनी नाही, हातांखालच्या खुर्चीतून.

मध्यंतरात ते जागेवरून हलले नाहीत. लोक येऊन भेटत होते. पोस्टमास्तर चहाचा कप घेऊन आले, तोंड उजेडात धरून म्हणाले, "काका, माझ्याकडं एक बंद पडलेलं घड्याळ आहे. उद्या आणतो."

"लिहून आणा, काय होतंय ते," मामंजी म्हणाले.

"लिहून आणतो."

पुढच्या आठवड्यात आम्ही कान दाखवायला गेलो. यंत्र मिळालं, आणि ते कानात बसायच्या आधी टेबलावर गेलं. मामंजींनी भिंग लावून ते उघडलं, आतलं सगळं बघितलं, "एकही चाक नाही गं," असं काहीशा निराशेनं म्हणाले आणि पुन्हा बंद केलं. दुकानातलं स्टूल तिथंच समोर राहिलं, दिवाही. गिऱ्हाइकं कमी झाली नाहीत. उलट दातांनी घड्याळ ऐकणारा माणूस बघायला दोन-तीन नवीच आली.

आणि यंदाच्या खेळाला काय झालं असेल, ते ज्याला आमची मंडळी माहीत आहेत त्याला सांगायला नको. लॉन्ड्रीवालीनं विचारलं. मामंजी उठले आणि वेळेवर, अगदी वेळेवर, यंत्र लावलेल्या कानानं ऐकून म्हणाले, "आहे ना, बोला!" त्यावर सगळं सभागृह एका सुरात ओरडलं, "जरा ऐकू कमी येतं, एवढंच!" ते आता नाटकातच गेलंय. निरीक्षकाच्या प्रवेशातही कुणीतरी "आहे ना, बोला!" म्हणतंच, आणि कप्तान गुडघा आत घेतो. तो मान मंडळानं रीतसर पोस्टमास्तरांना दिला आहे.

पडदा पडल्यावर मामंजी माझ्याकडे वाकले. चेहरा गंभीर होता.

"सूनबाई, एक विचारू?"

"विचारा ना."

"हे सगळे पूर्वीपासूनच असे बेसूर गातात?"

"पूर्वीपासून, मामंजी."

त्यांनी कानातलं यंत्र चाचपलं, पण काढलं नाही.

"पुढच्या वर्षीही याच खुर्च्या घे," ते म्हणाले, आणि मोज्यांच्या ढिगातून आपला एक निवडायला उठले.